दोन लाइट पॉइंट

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला तेव्हा मी बाल्कनीत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलो होतो. स्क्रीनवर सुहासिनीचं नाव होतं, म्हणून मी उचलल्या उचलल्या "काय विसरलीस?" असं विचारलं. पलीकडून एक अनोळखी बाई बोलल्या. आधी पंजाबीत, मग हिंदीत.

"अंकल जी, जिनका ये फोन है, वो आपकी कौन हैं?"

"पत्नी."

बाई म्हणाल्या, "आप आ जाओ जी. अकेले मत आना, किसी को साथ ले लेना."

सोबत कुणाला तरी घ्या, या वाक्यावरूनच मला कळलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते मी घरातूनच घेऊन गेलो होतो.

माझी मुलगी मधुरिमा मोहालीत राहते. ती मला न्यायला आली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका हवालदाराजवळ पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा जमिनीवर बसला होता. पगडी सुटलेली, कपाळावर टाके. आम्हाला बघून तो उठला आणि म्हणाला, "अंकल जी, मेरी हरी थी." म्हणजे सिग्नल त्याच्या बाजूने हिरवा होता. त्याचं नाव गुरमेल. भाजीची पिकअप चालवतो. त्याचीच गाडी डावीकडून येऊन धडकली होती आणि डावीकडच्या सीटवर माझी बायको बसली होती. मी तोंड फिरवलं. हवालदार त्याला म्हणाला, "बैठ जा ओए."

गाडी चालवत होते विंग कमांडर श्रीनिवास राजवाडे, वय एक्याऐंशी. त्यांचं डावं मनगट मोडलं, बाकी काही झालं नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर ते स्ट्रेचरवर पडून होते. माझा आवाज ऐकून म्हणाले, "जगदाळे, सिग्नल हिरवा होता. मला स्वच्छ दिसला."

हे खोटं आहे हे मला त्याच क्षणी माहीत होतं. राजवाडे सरांनी दोन वर्षांत एकही सिग्नल पाहिलेला नव्हता. हिरवा ते माझ्या तोंडून ऐकायचे.

आता हे नीट सांगायला हवं. मी रघुवीर जगदाळे, मूळचा साताऱ्याकडचा, वय बहात्तर. हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर होतो, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग चंदीगडला होतं. मुलीचं शिक्षण इथं झालं, तिला इथंच नोकरी लागली, म्हणून आम्ही सेक्टर त्रेचाळीसमध्ये फ्लॅट घेऊन राहिलो. नोकरीतली अकरा वर्षं मी राजवाडे सरांच्या क्रूमध्ये काढली. लेहला सामान घेऊन जायचो. ते उडवायचे, मी मागे बसून इंजिनांचे आकडे मोठ्याने वाचायचो. ते आकड्यांकडे बघायचे नाहीत. ते म्हणायचे, "जगदाळे आहे तोवर मला डॅशबोर्ड लागत नाही." या वाक्याचा मला फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. पडद्याच्या मधोमध काही बिघडतं, कडेचं दिसतं आणि समोरचं पुसट होत जातं. त्यांनी स्वतःच मला सांगितलं. हसत सांगितलं. "जगदाळे, तुझे दोन्ही कान दिसतात, नाक तेवढं गायब आहे."

दर रविवारी आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून महाराष्ट्र मंडळात जायचो. ते आतल्या रस्त्यांनी माझ्या घरापर्यंत यायचे. त्या रस्त्यांवर सिग्नल नाहीत. माझ्या घरापासून मंडळाच्या हॉलपर्यंत मात्र दोन लाइट पॉइंट, म्हणजे सिग्नलचे चौक, लागतात. फक्त दोन. पहिल्यांदा ते तांबड्यावर निघाले तेव्हा मी ओरडलो, "सर, लाल!" त्यांनी ब्रेक मारला. मग शांतपणे म्हणाले, "कॉल करत जा ना आधीपासून. जुनी सवय आहे तुला."

आणि मी कॉल करायला लागलो. "सर, पुढे लाइट पॉइंट. लाल. उभे राहा. अजून लाल. हिरवा झाला, चला." दोन वर्षं. मला त्यात चूक दिसली नाही. उलट मजा वाटायची. म्हातारपणी पुन्हा क्रू झाल्यासारखं वाटायचं.

सुहासिनीला मी हे कधी सांगितलं नाही. ती मंडळातल्या बायकांबरोबर ऑटोने पुढे जायची. सरांच्या डोळ्यांची गोष्ट सरांची आहे, ती घरात बोलायची नाही, असं माझं मीच ठरवलेलं.

त्या वर्षी सप्टेंबरात सरांचं लायसन्स संपत आलं होतं. माझंही, स्कूटरचं. आमच्या मंडळात एक पद्धत आहे. गणपतीत महाप्रसादाचं जेवण झालं की डॉक्टर मोहन सबनीस एका टेबलावर बसतात. ते आता दवाखाना चालवत नाहीत, पण शिक्का खिशात असतो. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, कुणाचे मेडिकल, लायसन्सचे फॉर्म, जे असेल त्यावर ते सही-शिक्का देतात. सगळे रांगेत उभे राहतात, हातात विड्याचं पान असतं. माझ्या पाळीला मी म्हणालो, "डॉक्टर, डोळे तपासायचे ना?"

ते म्हणाले, "टेबलापर्यंत चालत आलात. मला डॉक्टर म्हणून ओळखलंत. आणखी काय तपासू, बायको ओळखता का ते?"

सगळे हसले. मीही हसलो.

माझ्यामागे सर होते. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्म्यासकट, पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? सरांच्या फॉर्मवर 'होय'ची खूण मी केली, कारण त्यांना तो चौकोन सापडेना. सही करताना त्यांचं पेन ओळीच्या दोन बोटं खाली टेकलं. सबनीसांनी कागद खाली ओढला, म्हणजे सही बरोबर ओळीवर आली. मग शिक्का मारला आणि म्हणाले, "विंग कमांडर, शंभरी गाठा." हे मी पाहिलं. माझ्या तोंडात तेव्हा जिलबी होती.

आता त्या रविवारचं. मंडळात फराळाची पाकिटं भरायची होती. माझा गुडघा सुजला होता, जिना उतरवत नव्हता. सुहासिनी ऑटो बोलवायला निघाली. तेवढ्यात खाली सरांचा हॉर्न वाजला. मीच तिला म्हणालो, "ऑटो कशाला? सर आलेच आहेत, त्यांच्याबरोबर जा. डबा जड आहे." ती म्हणाली, "नको, मला त्यांच्या शेजारी बसून अवघडायला होतं." मी म्हणालो, "अवघडायला काय, ते काय तुला विमान उडवायला सांगणार आहेत?" ती हसली आणि चकल्यांचा डबा घेऊन खाली गेली.

बाल्कनीतून मी सरांना हात केला. त्यांना तो दिसला नसणार. ती माझ्या जागेवर बसली. वरून ओरडून सांगता आलं असतं, 'सुहास, सिग्नल आला की सांग त्यांना.' सरांसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही.

पहिल्या लाइट पॉइंटवर कसे निघाले माहीत नाही. दुसऱ्यावर ते तांबड्यात घुसले.

तेराव्याला मंडळाचे सगळे आले. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले. मी ऐकत होतो. "ही पिकअपवाली पोरं म्हणजे यमदूत." "दारू पिऊनच चालवतात." "सरांचं नशीब बलवत्तर." एक जण म्हणाला, "सर फार खचलेत हो, जगदाळे. तुम्हीच त्यांना धीर द्यायला पाहिजे." माझी बायको जाऊन तेरा दिवस झाले होते आणि धीर मी द्यायचा होता. डॉक्टर सबनीस कोपऱ्यात बसून खीर खात होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही वर बघितलं नाही, पण खीर दुसऱ्यांदा घेतली.

मी गप्प बसलो. पोलिसांना सरांनी जबाब दिला होता, त्यात सिग्नल हिरवा होता. गुरमेलवर केस झाली. तो जामिनावर सुटला, गाडी ठाण्यात अडकली. माझा जबाब घ्यायला सहायक उपनिरीक्षक घरी आला होता. मी म्हणालो, मी गाडीत नव्हतो. ते खरंच होतं. खरं बोलूनही माणूस किती घाण वागू शकतो ते मला त्या दिवशी समजलं.

पाच आठवड्यांनी सर घरी आले. रविवारच होता. मधुरिमा आली होती, तिने चहा केला. सरांबरोबर अशोक होता. अशोक आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, अडुसष्ट वर्षांचा. सरांच्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं होतं, नुसतं बँडेज होतं. सुहासिनीच्या फोटोकडे बघायला ते उभे राहिले. मान जराशी वळवून, कडेच्या नजरेने त्यांनी फोटो बघितला.

मग बसले आणि म्हणाले, "जगदाळे, एक गोष्ट मनात आहे. तुला सांगितल्याशिवाय मला शांती नाही. मी वहिनींना विचारलं होतं."

"काय विचारलं होतं, सर?"

"सिग्नलला. 'झाला का हिरवा?' म्हणून. त्या 'हो' म्हणाल्या. स्पष्ट 'हो' म्हणाल्या. म्हणून मी निघालो. तुला वाईट वाटू नये म्हणून मी पोलिसांना ते सांगितलं नाही."

अशोक हळूच म्हणाला, "किती मोठं मन."

सुहासिनी सरांच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणायची. चाळीस वर्षं म्हणत होती. साहेबाच्या बोलण्याला क्रूमधल्यांच्या बायका तसंच म्हणायच्या. "वहिनी, थंडी वाढली." "हो." "वहिनी, जगदाळे वाळला." "हो." तिने ऐकलंही नसेल काय विचारलं ते. मांडीवर डबा होता, तो सांभाळत असेल. तिला काय माहीत की या एका 'हो'वर गाडी सुटणार आहे? आणि हा माणूस तो 'हो' माझ्या घरी, तिच्या फोटोखाली, मला परत आणून देत होता. वर त्याबद्दल मी आभार मानायचे होते.

मला शिसारी आली. ते सोफ्यावर टेकलेले हात, ती इस्त्रीची पँट, कपबशी धरायची ती ऑफिसर मेसमधली ढब. अकरा वर्षं या माणसामागे बसून मी आकडे वाचले होते.

ते जायला निघाले तेव्हा मी म्हणालो, "खाली येतो, सर." जिना उतरताना गुडघा दुखत होता. खाली एक निळी गाडी उभी होती. सरांची पांढरी तर मोडली होती.

"ही कुणाची?"

"इंद्रजितची जुनी," सर म्हणाले. इंद्रजित त्यांचा मुलगा, गुडगावला असतो. "त्यानेच आणून ठेवली. म्हणाला, आत्ता सोडलंत तर कॉन्फिडन्स कायमचा जाईल."

आणि ते उजवीकडच्या दाराशी गेले. किल्ली त्यांच्याच हातात होती. अशोक डावीकडे, माझ्या जागी, सुहासिनीच्या जागी जाऊन उभा राहिला.

मी अशोकला विचारलं, "तू कॉल करतोस?"

तो ओशाळला. "थोडीशी मदत करतो. लाइट पॉइंट तर दोनच आहेत."

मी सरांच्या दाराशी गेलो आणि ते उघडू दिलं नाही. म्हणालो, "सर, एक मिनिट. इथून समोर बघा. गेटजवळ एक गाडी उभी आहे, दिसते?"

"दिसते. लाल आहे."

"पंचवीस मीटर असेल. मी विमानाच्या चाकाचं जमिनीपासूनचं अंतर डोळ्याने सांगत होतो, हेही बरोबर सांगतो. तिचा नंबर वाचा."

"हा काय पोरकटपणा, जगदाळे?"

"फॉर्मवर 'होय' लिहिलंय, सर. माझ्या हाताने लिहिलंय. वाचा."

सर उभे राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ऊन चांगलं होतं. हिवाळ्यात असतं तसं लख्ख. आणि मग गाडीच्या पलीकडून, मान खाली घालून, जवळजवळ पुटपुटत, अशोक म्हणाला, "सी-एच झिरो वन…"

"सी-एच झिरो वन," सर मोठ्याने म्हणाले.

अशोकने पुढचं अक्षर सांगितलं. सरांनी तेही म्हटलं. पुढचेही आकडे तसेच आले, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात. नंबर अगदी बरोबर होता. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं समाधान?" त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मला वाटतं, आपण वाचलं असंच त्यांना खरोखर वाटत होतं. माझ्या सोबतीने दोन वर्षं त्यांना तसंच वाटत आलं होतं.

मी दारावरचा हात काढला नाही. म्हणालो, "किल्ली अशोकला द्या, सर. नाहीतर मी गाडीपुढे बसतो."

"तू मला ऑर्डर देतोस?"

"हो."

तोपर्यंत मधुरिमा खाली आली होती. चार-पाच शेजारीही बाल्कनीत आले होते. सरांनी किल्ली गाडीच्या टपावर आपटली. अशोकला गाडी चालवता येते, पण सवय नव्हती. तो हिसके देत गेटबाहेर गेला. सर काचेतून सरळ समोर बघत होते, जिथे त्यांना काही दिसत नाही तिथे.

वर आल्यावर मधुरिमाने विचारलं, "बाबा, ये कॉल करना क्या है?"

मी सगळं सांगितलं. तिला मराठी पूर्ण कळतं, बोलते मात्र हिंदीत.

"आपको पता था?"

"दोन वर्षं."

"मम्मी को?"

"नाही. मी सांगितलं नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. चहाचे कप धुतले. धुतलेले पुन्हा धुतले. नळ बराच वेळ चालू होता. मग हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्वेटर पहनो. मैं गाड़ी निकालती हूँ."

ठाण्याच्या आवारात गुरमेलची पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात फ्लॉवरची पानं वाळून पत्र्याला चिकटली होती. सहायक उपनिरीक्षकाने माझा जबाब हिंदीत लिहून घेतला. मी कॉल करत होतो ते, फॉर्मवरची खूण मी केली ते, शिक्का कसा मारला ते, आजची नंबर प्लेट, सगळं. सुहासिनी 'हो' म्हणाली असेल तर का म्हणाली असेल, तेही सांगितलं. ते त्याने लिहिलं नाही. म्हणाला, "ये तो आपका अंदाज़ा है."

लिहून झाल्यावर त्याने पेन ठेवलं. "एक बात बताओ अंकल जी. जब पता था, तो चलाने क्यों दिया?"

"वो मेरे सर थे."

"अब नहीं हैं?"

चाळीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. जबाब देतानाही मी प्रत्येक वेळी 'राजवाडे सर' असंच म्हणत होतो.

मी विचारलं, "त्यांची चाचणी कोण घेणार? आज परत चालवतील." तो म्हणाला, "लाइसेंस वैलिड है, मेडिकल लगा हुआ है. कागज़ पूरे हैं. आप लाइसेंस वालों को अर्ज़ी दो."

कागद पूर्ण आहेत, हे खरंच होतं. पूर्ण करणाऱ्यांत मी होतो.

ठाण्यातून सरांना फोन गेला असावा, त्या संध्याकाळी अशोकचा फोन आला. "जगदाळे, असं पोलिसात जायचं? वहिनी परत येणार आहेत का? एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोर्टात उभं करून काय मिळणार? आणि सबनीसांचं काय? त्यांनी आपल्या सगळ्यांसाठीच केलंय. तुमच्यासाठीसुद्धा."

"म्हणूनच सांगितलं," मी म्हणालो.

"मंडळात काय तोंड दाखवणार?"

"मी येणार नाही. पण गणपतीत ते टेबल लावलंत तर अडवायला येईन."

त्याने फोन ठेवला. मंडळाच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी कुणीतरी सरांचा जुना फोटो टाकला, विमानाच्या शिडीवर उभे असलेले. खाली सदतीस जणांनी हात जोडले होते. फोटोत मागे मीही आहे. मी ग्रुप सोडला.

सोमवारी मी लायसन्सच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. मधुरिमाने टाइप करून दिला होता. खिडकीवरच्या मुलीने वाचला आणि विचारलं, "इसमें दो नाम हैं. शिकायत किसके खिलाफ है?"

मी म्हणालो, "दोनों के. दूसरा मेरा है."

तिने शेजारच्या माणसाला दाखवला, त्याने त्याच्या शेजारच्याला. स्वतःचीच परीक्षा घ्या असा अर्ज कुठल्या फाइलला लावायचा हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी शिक्का मारून पोच दिली. पुन्हा शिक्काच. माझी स्कूटर तेव्हापासून खाली झाकून ठेवली आहे, चावी मुलीकडे आहे. मला नंबर प्लेट वाचता येते. पण ते मी म्हणतो. दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही.

आता मार्च आहे. गुरमेलची गाडी सुटली, केस मागे घेतलेली नाही. त्याला तारखा पडतात. सर मागच्या रविवारी निळी गाडी चालवताना दिसल्याचं शेजारच्या बाईंनी सांगितलं. शेजारी कोण बसलं होतं ते त्यांना ओळखता आलं नाही. मी तीनदा ऑफिसात जाऊन आलो. अर्ज पुढे पाठवला आहे म्हणतात.

अर्जावर दोन नावं आहेत. दोघांपैकी कुणाचीही चाचणी अजून झालेली नाही.